अनुभव धागा : बिनचढाच्या वाटा, झाडांखालून आणि पाण्याकाठून

काठाकाठाने (पुणे)

पाऊस ओसरला की गडांचे बेत सुरू होतात. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई यांच्याबद्दल आपण भरभरून लिहितो आणि लिहायलाच हवं. पण ज्यांना चढता येत नाही त्यांनी कुठे जावं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला झाडं हवीत, पाणी हवं, मोकळी हवा हवी. पायऱ्या आणि घसारा नको. लहान मूल, बाळंतीण, नुकतंच दुखण्यातून उठलेलं माणूस, नव्याने सायकल शिकणारी पन्नाशीतली बाई, या सगळ्यांची गरज हीच असते.

आईसाठी अशा वाटा शोधताना माझ्या एक लक्षात आलं. सपाट वाट हवी असेल तर आधी माणसाने पाणी कुठून नेलं ते बघावं. कालवा डोंगराची समपातळीची रेषा धरून खणतात, उतार किलोमीटरला जेमतेम वीत-दोन विती. म्हणून त्याच्या कडेचा देखभालीचा रस्ताही तसाच सपाट राहतो. बारामतीकडचा नीरा डावा कालवा 1876-77 च्या दुष्काळानंतर झाला. त्याच्या काठाने सकाळी चालताना एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला पाणी, मध्ये करंज-बाभळीची सावली आणि तारेवर बसलेला खंड्या. आई तिथे न थांबता चालते, गप्पा मारत चालते. मात्र कालव्याचं पाणी दिसतं त्याहून जोरात वाहतं आणि काठ निसरडे असतात. मुलांना आतल्या बाजूने चालू देऊ नका.

तुमच्या अशा जागा सांगा. चढ किती, सावली किती, बसायला जागा आहे का, कोणत्या महिन्यात जावं. फोटो नसले तरी चालेल, पण म्हाताऱ्या माणसाला झेपेल की नाही ते नक्की लिहा.

शेकरू (डोंबिवली)

माथेरान. डोंगरावरचं गाव या धाग्यात कसं, असं वाटेल. पण चढायचं काम गाडी करते. वर पोचल्यावर मात्र 800 मीटर उंचीवरचं पठार आहे आणि त्यावर जंगलातून फिरणाऱ्या लाल मातीच्या वाटा. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटार जात नाही, आणि माझ्या मते माथेरानचं खरं वैभव तेच. मागून गाडी येईल या धास्तीशिवाय चालणं काय असतं, ते मुंबईच्या माणसाला तिथे गेल्यावर कळतं.

आमच्या ह्यांची बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चढायचं नाही म्हणाले. तेव्हापासून आम्ही हिवाळ्यात मधल्या वारी तिथे जातो. शनिवार-रविवार टाळाच. घोड्यांची वर्दळ आणि उडणारी धूळ, दोन्ही सोसत नाहीत. दस्तुरीपासून बाजारापर्यंत रुळांच्या कडेकडेने जाणारी वाट आम्हाला सर्वांत आवडते. नेरळहून येणारी ही छोटी गाडी 1907 पासूनची. घाटात तिला बरंच वळत-चढत यावं लागतं, पण या शेवटच्या टप्प्यात चढ अगदी सौम्य आहे. दमलात तर अमन लॉज ते माथेरान ही शटल गाडी आहे, आता ई-रिक्षाही आहेत.

दुसरी वाट शार्लट तलावाची. जाताना थोडा उतार आहे, म्हणजे येताना तेवढाच चढ. आम्ही मध्ये दोनदा बसतो. वाटेत जांभूळ, हिरडा आणि अंजनी इतकी दाट आहेत की दुपारी बारालाही ऊन पायावर ठिपक्यांनी पडतं. उन्हाळ्याच्या तोंडी अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटून आलेले असतात. पानांत खसखस झाली तर थांबून वर बघा, शेकरू असतं. तलावाचं पाणी गावाच्या पिण्याचं आहे, त्यात उतरायचं नाही. काठावर पिसारनाथाचं देऊळ आहे, तिथे बसायला छान. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं ओढून नेतात.

गोदाकाठ (निफाड)

शेकरूताई, तुमचं वाचून हे शेकरू बघायचंच असं ठरवलं. आमच्याकडे झाडं कमी, पक्षी जास्त.

मी नांदूर मध्यमेश्वरपासून जवळच्या गावात शिक्षक आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. त्यातूनच गोदावरीचे डावा-उजवा हे दोन्ही कालवे निघतात. बंधाऱ्यामागे शंभर वर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि त्यावर पक्षी आले. शेतीसाठी केलेल्या कामातून नकळत हे झालं. 1986 मध्ये अभयारण्य आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा.

चापडगावच्या बाजूने आत जाणारी वाट पूर्ण सपाट आहे. मुलांची सहल नेतो तेव्हा सगळ्यात लहान पोरगंसुद्धा शेवटपर्यंत चालतं. वाटेत निरीक्षण मनोरे आहेत. मनोऱ्याच्या पायऱ्या आजी-आजोबांनी चढायची गरज नाही, खालून काठावरूनही भरपूर दिसतं. स्थानिक मुलं गाइड म्हणून सोबत येतात, त्यांच्याकडे दुर्बीण असते. त्यांना घ्याच. "ते बघा थापट्या, ते चक्रवाक, ती जांभळी पाणकोंबडी" असं कुणी बोट दाखवून सांगितलं की नुसतं पाणी दिसत होतं तिथे अख्खा गाव वसलेला दिसतो. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून उडत गेला की हजारभर बदकं एकदम उठतात. तो आवाज ऐकून आमची पोरं वर्गात कधी बसत नाहीत इतकी गप्प होतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, आणि उजाडता उजाडता या. निफाडची थंडी दर हिवाळ्यात बातम्यांत असते, तेव्हा कानटोपी हवी. सावली नाही, दहाच्या आत परत फिरा.

मांडवीपार (फोंडा, गोवा)

सायकलवाल्यांसाठी दिवाडी बेट. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत सायकल चढवायची, काही मिनिटांत पलीकडे. बोटीतून उतरलं की सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना खाजन शेती. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून कसलेली जमीन. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेची, लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. आमच्या पूर्वजांनी हे शतकानुशतकं सांभाळलं. अशा जमिनीत खारेपणा सोसणारं कोरगुट भात होतं. बांधावरून सायकल चालवताना एकीकडे खारफुटी आणि दुसरीकडे भाताची हिरवाई असते, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त तो मातीचा बांध.

चढ एकच आहे, पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चचा. नको असेल तर खालूनच फिरा. मी तो टाळून नार्व्याच्या टोकाला जातो. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथेच होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं आणि तिथल्या देवळाचा 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करवला. दिवाडीवर आता पायऱ्यांची जुनी कोटितीर्थ तळी उरली आहे. तिथे निवांत बसा, पाणी प्या, मग फेरीबोटीने सायकलसकट पलीकडे जाऊन देऊळही बघा. एका सकाळीत दोन्ही होतं. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकू आला तर गरम पोई (गोव्याचा पाव) घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पावसात बांध निसरडे होतात. ऑगस्टअखेर ते जानेवारी उत्तम.

चाकं (नागपूर)

वाचते आहे. एक विचारायचं होतं. माझा धाकटा भाऊ चाकाच्या खुर्चीत असतो. आमच्या शहरात एका बागेला फिरायची वाट छान केली आहे, पण मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकावर आडवे खांब लावलेत. त्यातून खुर्ची जात नाही. तो बाहेरून झाडं बघतो. कुठे त्याला आतपर्यंत नेता येईल?

गोदाकाठ (निफाड)

ताई, आमची वाट मातीची आहे. डिसेंबरनंतर सुकून घट्ट होते, तेव्हा मोठ्या चाकांची खुर्ची असेल आणि ढकलायला दोघं असतील तर जमेल. मनोऱ्यांवर नाही जमणार. येणार असाल तर आम्ही शाळेची मंडळी मदतीला येऊ, हे मनापासून सांगतो.

मांडवीपार (फोंडा, गोवा)

सावंतवाडीचा मोती तलाव बघा. राजवाड्यासमोर, काठाने फरसबंद पदपथ. जंगल नाही, पण संध्याकाळी पाण्यावरून वारा येतो आणि गाव सगळं तिथेच चालायला असतं. भाऊ माणसांत राहील.

पोल्डरमधली सून (आम्स्टेलवेन, नेदरलँड्स)

चाकं, तुमच्या प्रश्नावर आधी लिहिते. आमच्या घराजवळ आम्स्टरडाम बॉस नावाचं सुमारे 1000 हेक्टरचं जंगल आहे. तिथल्या मुख्य वाटा पक्क्या आहेत आणि चाकाच्या खुर्चीतली, कुबड्या घेतलेली, बाबागाडी ढकलणारी माणसं रोज दिसतात. कुणी वळूनही बघत नाही. हे लिहिताना मला तुमच्या भावाची आठवण येत राहील. आपल्याकडेही हे व्हायला हवं, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. फाटक आखताना कुणीतरी खुर्ची मोजायला हवी.

या जंगलाची गोष्ट माझ्या सासऱ्यांना फार भावली. ते साताऱ्याकडचे शेतकरी. जंगल म्हणजे आपोआप उगवलेलं, अशी त्यांची समजूत. हे पूर्ण माणसांनी लावलेलं आहे. मंदीत, 1934 पासून, हजारो बेरोजगारांना इथे काम दिलं. त्यांनी फावड्या-घमेल्यांनी माती उपसली, नौकानयनाचा लांबच लांब सरळ कालवा खणला आणि झाडं लावली. जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, पाणी उपसून आणि चर काढून कोरडी ठेवलेली. सासरे प्रत्येक चराशी थांबायचे, काठीने खोली बघायचे आणि म्हणायचे, "म्हणजे हे रोजगार हमीचं काम."

सासूबाईंनी लुगडं नेसूनच आयुष्यभर शेतात काम केलं. सायकलवर त्या कधी बसल्या नव्हत्या. मी पुढे लाकडी पेटी असलेली सायकल आणली, ज्यात इथे मुलांना बसवतात, आणि त्यांना त्यात बसवून निघाले. वसंतात चेरीच्या झाडांची एक बाग फुलते, 400 झाडं. पाकळ्या त्यांच्या पदरात पडत होत्या आणि त्या उचलून ओच्यात ठेवत होत्या. पुढच्या दिवशी मी उठायच्या आत त्या दारात चपला घालून तयार होत्या.

इथे सायकलने फिरणाऱ्यांसाठी एक सोय सांगते. प्रत्येक नाक्यावर क्रमांकाची पाटी असते. निघताना चार-पाच क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे, 53 वरून 27, 27 वरून 61, आणि पाट्या बघत जायचं. नकाशा नको, भाषा नको. सासऱ्यांनी आकड्यांवरून एकट्याने फेरी केली. आपल्या भंडारदऱ्याला, महाबळेश्वरला एवढ्या पाट्या लावता आल्या तर किती माणसं निर्धास्त बाहेर पडतील!

कारवी (बोरिवली)

थोडक्यात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फाटकाशी सायकली भाड्याने मिळतात. कान्हेरीपर्यंतचा रस्ता झाडीतून जातो आणि बराचसा सोपा आहे, शेवटी चढ लागतो. तो नको असेल तर आधीच वळा, तेवढ्यातही जंगल पोटभर मिळतं. दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी 2024 मध्ये फुलली होती, म्हणजे आता 2032. सोमवारी उद्यान बंद. बिबट्यांचं घर आहे हे विसरू नका, मुलांना हाकेच्या अंतरात ठेवा आणि अंधाराच्या आत बाहेर या.

बांधी (गोंदिया)

आमच्या पूर्व विदर्भाचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. नवेगाव बांध. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव, भोवती सात बहिणींच्या टेकड्या. कोलू पाटलाला लोकांनी देव केलं, कोलासुर म्हणून आजही पूजतात. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा हा मुलूख आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. भंडारा-गोंदियात कोहळी लोकांनी गावोगाव असे तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, केल्या. म्हणून आमच्याकडे बिनचढाच्या वाटांना तोटा नाही. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, हीच वाट.

काठाकाठाने, तुम्ही कालव्याचं म्हणालात, आमच्याकडे त्याला नहर म्हणतात. नहराच्या कडेने गेलं की पाणी बांधीबांधीतून, म्हणजे धानाच्या एका वाफ्यातून दुसऱ्यात, कसं उतरत जातं ते दिसतं. मी डिसेंबरात, धान कापून झाल्यावर, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधांवरून, सायकल काढतो. सारस पक्ष्याची जोडी शेतात दिसली तर लांबच थांबा. महाराष्ट्रात आता हे पक्षी फार थोडे उरलेत, ते बहुतेक आमच्याच जिल्ह्यात. माणूस जवळ गेला की घरटं सोडतात.

नवेगावच्या राखीव जंगलात परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही, वाघाचा मुलूख आहे. पण तलावाकाठचा भाग आणि आसपासच्या गावांच्या पाळी मोकळ्या आहेत. गोंदिया-बल्लारशाह मार्गावर अर्जुनीला उतरून येता येतं. चाकंताई, नागपूरहून तुम्हाला आम्ही जवळ. पाळीची वाट रुंद असते, फाटकच नसतं. कोणत्या पाळीवर खुर्ची जाईल ते मी स्वतः जाऊन बघतो आणि इथे लिहितो.

चाकं (नागपूर)

दादा, भावाला वाचून दाखवलं. तो विचारतोय, सारस कोणत्या महिन्यात दिसतात.

बांधी (गोंदिया)

बारा महिने राहतात, कुठे जात नाहीत. पावसाळ्यात बांधीत घरटं करतात, तेव्हा नको. दिवाळीनंतर पिल्लाला घेऊन फिरतात, तेव्हा या.

काठाकाठाने (पुणे)

पाळींची माहिती आली की मी ती वर जोडेन, चाकाच्या खुर्चीसाठीच्या जागा वेगळ्या काढून. मराठवाडा आणि खानदेशातून अजून कुणी लिहिलेलं नाही. जायकवाडीच्या काठाने, तापीच्या काठाने कुणी चालत असेल तर चढ, सावली आणि बसायची जागा एवढं तरी कळवा.