‘प्रतिष्ठापित ॲरोमॅटिक सल्फोनामाइड’ : शब्द कोणता बरा?

प्रश्न : औषधविषयक एका मजकुराचा मराठी सारांश करताना ‘सब्स्टिट्यूटेड ॲरोमॅटिक सल्फोनामाइड’ अशी पदावली आली. मी ‘प्रतिष्ठापित सुगंधी गंधकामाइड’ असे लिहिले, तेव्हा सहकाऱ्यांनी ‘गणपती बसवलात की अत्तर?’ असे विचारले. यावर जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : सहकाऱ्यांची थट्टा निम्मीच खरी आहे. ‘प्रतिष्ठापन’ हा शब्द मराठी रसायनशास्त्रीय लेखनात रुळलेला असून, रेणूतील एक अणू काढून त्याच्या जागी दुसरा अणू किंवा गट बसवणे, असा त्याचा नेमका अर्थ आहे. देवाच्या प्रतिष्ठापनेत कोणाला उठवावे लागत नाही, येथे मात्र आधी हायड्रोजनाला जागा सोडावी लागते. बोलताना मी ‘बदली शिक्षक’सारखा ‘बदली गट’ म्हणतो, पण लेखी मजकुरात ‘बदली’मुळे सरकारी नोकरी आठवते, म्हणून तेथे ‘प्रतिष्ठापित’ हाच शब्द ठेवावा.

‘सुगंधी’ मात्र काढून टाका. या वर्गातील सुरुवातीला माहीत झालेली काही संयुगे सुवासिक तेले व राळा यांतून मिळाली, म्हणून ते नाव पडले. आज त्यातून अणूंच्या वलयातील इलेक्ट्रॉनांच्या विशिष्ट मांडणीचा बोध होतो, वासाचा नव्हे, आणि याच वर्गातले सल्फानिलामाइड हे जिवाणूविरोधी औषध तर वास नसलेली पांढरी भुकटी आहे. त्यातून एकाच पदात ‘सुगंधी’ आणि ‘गंधक’ आले, तर वाचक नाकानेच अर्थ लावणार. ‘ॲरोमॅटिक’ आणि ‘सल्फोनामाइड’ तसेच राहू द्यावेत.

खरी उणीव वेगळीच आहे : कोणत्या जागी प्रतिष्ठापन झाले, हे नुसत्या ‘प्रतिष्ठापित’वरून कळत नाही. सल्फानिलामाइडमध्ये बेंझीनच्या सहा कार्बनांच्या वलयावर एका कार्बनाला अमाइनो गट (एक नायट्रोजन व दोन हायड्रोजन) असतो, तर बरोबर समोरच्या, म्हणजे पॅरा स्थानावरील, कार्बनाला सल्फोनामाइड गट असतो. या दुसऱ्या गटात मधे गंधक, त्याला दुहेरी बंधांनी जोडलेले दोन ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन असतो. जिवाणू फोलिक आम्ल तयार करण्यासाठी जे पॅरा-अमाइनोबेंझोइक आम्ल वापरतात, त्याच्याशी ही ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की संबंधित एन्झाइम फसते आणि जिवाणूचे फोलिक आम्ल बनणे अडते. अमाइनो गट पॅराऐवजी ऑर्थो (लगतच्या) किंवा मेटा (एक सोडून पुढच्या) स्थानी नेला, तर अणू तेवढेच राहूनही औषधी गुण जातो. सल्फोनामाइडाच्या नायट्रोजनावर, म्हणजे एन१ वर, मात्र बदलाला भरपूर वाव असतो : तेथील एक हायड्रोजन काढून मिथिल-आयसॉक्साझोल वलय बसवले की सल्फामेथॉक्साझोल हे औषध होते, जे ट्रायमेथोप्रिम या दुसऱ्या जिवाणूविरोधी औषधाबरोबर एकाच गोळीत ४०० आणि ८० मिलिग्रॅम अशा मात्रांत मिळते. म्हणून ‘एन१-प्रतिष्ठापित’ किंवा ‘वलय-प्रतिष्ठापित’ असे स्पष्ट लिहावे.

पुढची शंका : ‘सल्फा औषधे’ म्हणावे का? औषधाच्या दुकानात तोच शब्द ऐकू येतो.

उत्तर : जिवाणूविरोधी गटापुरते अवश्य म्हणावे. १९३५ साली जर्मन संशोधक डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याचे गुण प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी त्यातील गुणकारी भाग सल्फानिलामाइड असल्याचे दाखवले. तेथून पुढची ही औषधे ‘सल्फा’ म्हणूनच ओळखली गेली. पण सेलेकॉक्सिब हे वेदनाशामकही ॲरोमॅटिक सल्फोनामाइडच आहे, त्यात सल्फानिलामाइडसारखा वलयावरचा मोकळा अमाइनो गट नाही आणि ते जिवाणूंवर वापरतही नाहीत. तेव्हा दोन्ही शब्द समानार्थी धरू नयेत. ‘मला सल्फा चालत नाही’ म्हणणारा रुग्ण लोहाच्या गोळीवर ‘फेरस सल्फेट’ वाचून ती परत करतो, तेव्हाही घोटाळा शब्दाचाच असतो. सल्फेट हा गंधक व ऑक्सिजन यांचा आयन आहे, त्यात सल्फोनामाइडाचा नायट्रोजनच नाही.

जाता जाता एक सूचना : हिंदी मजकूर समोर ठेवून सारांश करत असाल, तर तेथील ‘अणु’ म्हणजे आपला रेणू आणि ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, हे प्रत्येक ओळीला तपासून घ्यावे.