घर घेण्याआधी चालू कर्जं फेडावीत का?

सिंहगडरोड:
हातात पगार ८५,०००. पर्सनल लोन ३.२ लाख बाकी, १४ टक्के, हप्ता ११,५००, अजून ३४ हप्ते. कार लोन २.१ लाख बाकी, ९.५ टक्के, हप्ता ९,२००. क्रेडिट कार्डावर ६०,००० थकलेत, दरमहा मिनिमम ड्यू (किमान भरायची रक्कम) तेवढा भरतोय. शिल्लक १८ लाख. पुण्यात ५२ लाखांचा रीसेल फ्लॅट बघितलाय. शिल्लक कर्जात घातली तर डाउन पेमेंटला कमी पडेल ना?

हिशेबी:
उलट आहे. बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंतच जाऊ देतात, म्हणजे तुमच्यासाठी ४२,५००. त्यातून आत्ताचे २०,७०० आणि कार्डाच्या बाकीचे साधारण ५ टक्के (३,०००) गेले की उरतात १८,८००. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी एका लाखाला ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणून कर्ज मिळेल जेमतेम साडेएकवीस लाख. तिन्ही कर्जं फेडलीत तर पात्रता जवळपास ४९ लाखांवर जाते. मात्र ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्के आहे, त्यामुळे हातात येतील ४१.६ लाख.

आता पदरचे किती लागतील ते बघा. १०.४ लाख किमतीतले, ७ टक्के मुद्रांक शुल्क ३.६४ लाख, नोंदणी ३०,०००. एकूण १४.३४ लाख. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक किमतीत धरत नाही, लोक नेमके इथेच फसतात. फेडाफेडीनंतर तुमच्याकडे १२.१ लाख उरतील, तूट सव्वादोन लाखांची. काहीच न फेडता गेलात तर तूट १६ लाखांच्या वर. सुटलेले २०,७०० दरमहा बाजूला टाकलेत की साधारण अकरा महिन्यांत सव्वादोन लाख जमतात. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, म्हणजे ५२,००० तिथेच वाचतात.

व्याजदर_बघा:
कार्ड आजच संपवा, वाट बघू नका. महिना साडेतीन टक्के धरले तर ६०,००० वर २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. तुम्ही ३,००० भरता, मुद्दल जेमतेम ५०० ने उतरतं.

बाकी दोघांत व्याज जास्त पर्सनल लोनचं, पण पात्रतेसाठी हप्त्याला बाकीने भागून बघा. कार लोनवर २.१ लाख घातले की ९,२०० सुटतात, पर्सनलवर ३.२ लाख घातले की ११,५००. रुपयामागे कार लोन पुढे आहे. काही बँका शेवटचे सहा हप्ते राहिलेलं कर्ज मोजतच नाहीत, अर्ज करायच्या आधी तेही विचारून घ्या.

फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क) मात्र लेखी मागवा. ३ टक्के असेल तर ३.२ लाखांवर ९,६०० अधिक जीएसटी, सुमारे ११,३००. ३४ हप्त्यांतलं उरलेलं व्याज ६९,००० च्या आसपास, तरीही फेडणंच फायद्याचं.

सिंहगडरोड:
पतसंस्थेचंही छोटं कर्ज आहे, पगारातून कापलं जातं. ते सिबिलमध्ये (कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये) दिसत नाही, सांगायलाच हवं का?

हिशेबी:
सांगाच. सिबिलमध्ये नसलं तरी सॅलरी स्लिपवर कपात दिसते, आणि बँक स्लिपा मागतेच. लपवलेलं तिथे सापडलं की फाइल अडकते. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही तपासा. त्याचे हप्ते थकले की डाग तुमच्या रिपोर्टवर येतो.

आणि कार्डवाल्यांनी ‘सेटलमेंट करा, ४०,००० भरा’ असं सुचवलं तर घेऊ नका. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ लागतं आणि गृहकर्जवाले तिथेच थबकतात. पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करून घ्या. कर्ज बंद केल्यावर एनओसी (ना-हरकत पत्र) हातात घ्या. गाडीसाठी फॉर्म ३५ भरून आरटीओतून आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) कर्जाचा बोजा उतरवा. जानेवारी २०२५ पासून बँकांनी सिबिलला किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, तेव्हा महिनाभराने सिबिलचा वर्षाचा मोफत रिपोर्ट काढा. बाकी शून्य दिसली की मगच गृहकर्जाचा अर्ज टाका, आणि तोही एकाच वेळी चार बँकांत नको.