कंबाइनचं घड्याळ की सामन्याची टेप? कॉलेज फुटबॉलमधला पोरगा ओळखायचा कसा

कोलंबसकर (धागाकर्ता)

फेब्रुवारी संपत आला की माझं डोकं दर वर्षी तापतं. इंडियानापोलिसला एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचं, कंबाइन भरतं. कॉलेजमधले तीनशेहून जास्त खेळाडू तिथे जातात आणि त्यांची मोजमापं घेतली जातात: उंची, वजन, पंजा किती रुंद, २२५ पौंडांचा बार किती वेळा उचलला, ४० यार्ड किती सेकंदांत पळाला. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडायचे. ३२ संघ, सात फेऱ्या, आदल्या मोसमात तळाला असलेल्याचा पहिला नंबर. आणि तीन-चार वर्षं शनिवारी शनिवारी खेळून दाखवलेल्या पोराचं मोल या दोन तारखांच्या मध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागावर वरखाली होतं.

माझं म्हणणं एवढंच की घड्याळ बाजूला ठेवा आणि सामन्याची टेप, म्हणजे चित्रीकरण, बघा.

२०१७ चंच घ्या. रिसीव्हर (पास झेलणारा) जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळाला, तोवरचा कंबाइनचा विक्रम. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पुढे एकाही मोसमात पास झेलून त्याचे ६०० यार्ड झाले नाहीत. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टन नावाच्या छोट्या कॉलेजचा कूपर कप होता. वेळ ४.६२, रिसीव्हरच्या मानाने संथ. तो ६९ व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. २०२१ च्या मोसमात त्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले, शिवाय सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याची कॉलेजची टेप बघा. समोरचा कॉर्नर, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे हे पाहून तो वळतो. हे कुठल्या घड्याळात मोजणार?

दुसरं उदाहरण माझ्या गावचं. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, सी. जे. स्ट्राउड. "पॉकेटमध्ये (त्याच्या लाइनने राखलेल्या जागेत) उभं राहून फेकतो, पण खेळ मोडला की स्वतः काही करत नाही," असं सगळे म्हणायचे. मग ३१ डिसेंबर २०२२ ला जॉर्जियाविरुद्ध सेमीफायनल झाली. आम्ही ४२-४१ हरलो, मध्यरात्रीच्या ठोक्याला आमची किक बाहेर गेली. पण त्या रात्री स्ट्राउडने देशातल्या सगळ्यात कडक बचावासमोर ३४८ यार्ड आणि चार टचडाउन फेकले. पॉकेटमधून बाहेर पडून, पळत, तिरक्या अंगाने. टेपवर सगळं होतं. तरी ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात चर्चा कशाची? बातम्यांत फुटलेल्या एका आकलन चाचणीची, ज्यात त्याला शंभरात १८ मिळाले म्हणे. ह्यूस्टनने दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच वर्षी पोराने २३ टचडाउन फेकले, इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास) फक्त पाच. आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

आकडेमोड

कोलंबसकर, रॉस आणि कप ही जोडी तुम्ही निकाल लागल्यानंतर निवडली आहे. सगळे टेपप्रेमी हेच करतात, आणि हे झालं की क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी येतोच. २००० साली १९९ वा, चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद, पुढे सात सुपर बोल. मान्य. पण त्या वर्षी त्याच्या आधी जे सहा क्वार्टरबॅक निवडले गेले ते सगळे टेप बघूनच निवडले होते ना? मिशिगनची टेप तेव्हाही होती. ३१ संघांच्या शेकडो स्काउटांनी ती पाहिली आणि सहाव्या फेरीपर्यंत कोणी हात वर केला नाही.

स्ट्राउडचं म्हणता, तर त्याच ड्राफ्टचा पहिला क्रमांक सांगा की. ब्राइस यंग. अलाबामा, हाइझमन (कॉलेजातला सर्वोत्तम खेळाडू) विजेता, टेपवर जादू. कॅरोलायनाने त्याच्यासाठी रिसीव्हर डी. जे. मूर दिला, पहिल्या फेरीचे दोन पिक (निवडीचे हक्क) दिले, दुसऱ्या फेरीचे दोन दिले. मोजपट्टी काय सांगत होती? पाच फूट दहा इंच. मोजपट्टीवाले कानीकपाळी ओरडत होते, टेपवाले म्हणत होते की याला उंचीची गरज नाही. दुसऱ्या वर्षी दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवावं लागलं. नंतर तो सावरला, त्याचं कौतुकच आहे, पण ती किंमत टेपने लावली होती.

आणि टेपवर दिसतो तो खेळच वेगळा असतो. कॉलेजात पास जायच्या आधी लाइनमन (क्वार्टरबॅकला राखणारा) तीन यार्डांपर्यंत पुढे सरकू शकतो, एनएफएलमध्ये एकच यार्ड. झेल घेताना कॉलेजात एक पाय रेषेच्या आत टेकला की पुरतं, इथे दोन लागतात. हॅश मार्कांमधलं (चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन ओळींमधलं) अंतर कॉलेजात ४० फूट, इथे साडेअठरा, त्यामुळे कॉलेजात एका बाजूला भलंमोठं मोकळं रान पडतं. त्या रानात सुटलेला रिसीव्हर बघून तुम्ही वहीत काय लिहिणार? वजन आणि वेग मात्र दोन्हीकडे तेच राहतात.

ॲरन डोनल्डला डोळ्यांनी बघणारे म्हणाले की डिफेन्सिव्ह टॅकलच्या (बचावाच्या लाइनमधल्या मधल्या खेळाडूच्या) मानाने बुटका आहे. घड्याळ म्हणालं ४.६८. २८५ पौंडांचा माणूस ४.६८! तरी तो २०१४ ला तेराव्यापर्यंत खाली आला. तिथे घड्याळ बरोबर होतं, डोळे चुकले.

बे_एरियातली

दोघांनाही आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सची गोष्ट सांगते, कारण ती मी पाच वर्षं सोसली आहे.

२०२१. बाराव्यावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी आम्ही त्या वर्षीचा आणि पुढच्या दोन वर्षांचा, असे पहिल्या फेरीचे तीन पिक दिले, वर एक तिसऱ्या फेरीचा. घेतला क्वार्टरबॅक ट्रे लान्स. नॉर्थ डकोटा स्टेट. २०१९ ला २८ टचडाउन आणि इंटरसेप्शन शून्य. कोविडमुळे २०२० मध्ये एकच सामना खेळला. म्हणजे कॉलेजात एकूण १७ सामन्यांत सुरुवात, तीही खालच्या विभागात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण इथे शितंच मोजकी होती. आमच्याकडे तो चार सामन्यांत सुरुवातीला उतरला, २०२२ ला घोटा मोडला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला गेला.

२०२२ च्या ड्राफ्टमधला सगळ्यात शेवटचा पिक, २६२ वा, तोही आमचाच. ब्रॉक पर्डी, आयोवा स्टेट. उंची बेताची, हात बेताचा, पण चार वर्षं सुरुवात करणारा क्वार्टरबॅक. डिसेंबरमध्ये पहिले दोघे जायबंदी झाल्यावर तो आला आणि साखळीतले सुरुवातीचे पाचही सामने जिंकून गेला. पुढच्या वर्षी सुपर बोलपर्यंत पोचलो.

आकडेमोड, लान्सकडे तुमच्या मोजमापात बसणारं सगळं होतं. कोलंबसकर, त्याची टेपही सुंदर होती हो, मी स्वतः पाहिली आहे. कमी होती एवढंच. म्हणून मी आता प्रत्येक क्वार्टरबॅकबद्दल आधी विचारते: किती सामने खेळलाय? किती वेळा मार खाऊन पुढच्या शनिवारी परत उभा राहिलाय?

शिकागोवासी

ताईंना पूर्ण अनुमोदन. आमचा २०१७ चा क्वार्टरबॅक ट्रुबिस्की: नॉर्थ कॅरोलायनाकडून १३ सामन्यांत सुरुवात. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला, फक्त एक पायरी चढायला, आम्ही आणखी तीन पिक दिले. पुढे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक माहोम्स त्याच ड्राफ्टमध्ये दहावा गेला. दर सप्टेंबरला आठवतं.

आकडेमोड

सामन्यांची संख्या हाही आकडाच आहे, ताई! तुम्ही माझ्याच बाजूच्या आहात.

लाइनमनचा_बाबा

मी क्वार्टरबॅकबद्दल बोलत नाही, सगळे तेच बोलतात. माझा मुलगा हायस्कूलमध्ये लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा लाइनमन) खेळतो. शनिवारी सकाळी कोच पोरांना आदल्या रात्रीची फिल्म दाखवतात, एकदा मला मागे बसू दिलं. मला वाटलं होतं की मोठमोठ्या टकरी बघायला मिळणार.

कोचनी चित्र थांबवलं तेव्हा चेंडू सेंटरच्या हातून नुकताच सुटला होता. पडद्याजवळ जाऊन त्यांनी माझ्या मुलाच्या डाव्या पायावर बोट ठेवलं. टाच उचललेली होती, पाऊल सरळ मागे जायच्या ऐवजी बाहेर पडलं होतं. "इथेच हरलास," म्हणाले. मग एकेक चौकट पुढे. समोरच्या पोराने आतल्या बाजूने हात घातला, माझ्या मुलाचे हात बाहेरून त्याच्या खांद्यांवर गेले, छाती उघडी पडली, सॅक (क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला). पाव सेकंदसुद्धा नसेल. गर्दीत बसून मी तोच खेळ पाहिला होता आणि मला वाटलं होतं की क्वार्टरबॅकने उशीर केला.

त्यानंतर मी टॅकल ऑर्लँडो ब्राउनचं प्रकरण वेगळ्या नजरेने पाहिलं. २०१८ च्या कंबाइनला त्याची फजिती झाली. ४० यार्डांना ५.८५, बार फक्त १४ वेळा. पहिल्या फेरीचा माणूस ८३ व्यावर गेला. तरी प्रो बोल (मोसमातल्या निवडक सर्वोत्तमांमधला) टॅकल झाला. का? कारण त्याच्या अंगाला वळसा घालून जायलाच समोरच्याला इतका वेळ लागतो की तेवढ्यात चेंडू निघून जातो. टॅकलला ४० यार्ड सरळ पळायची वेळ वर्षात किती वेळा येते?

पण कोलंबसकर, एक खटकतं. आपण टीव्हीवर बघतो ती टेप नव्हेच. कॅमेरा चेंडूमागे पळतो. पायाची टाच बघायला मागचा, उंचावरचा कोन लागतो.

कोलंबसकर (धागाकर्ता)

बाबा, टाचेची गोष्ट वाचून सुखावलो. मला म्हणायचं होतं ते हेच.

आकडेमोड, मोजमाप निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. तुम्ही मात्र दोन वेगळे आकडे एकाच पोत्यात घालताय. शरीराची मापं एक, मैदानावरचे आकडे दुसरे, आणि ही दोन पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. क्वार्टरबॅक जॉश ॲलन घ्या. वायोमिंगमध्ये पासची अचूकता ५६ टक्के. मैदानावरचा आकडा ओरडून सांगत होता, घेऊ नका. शरीर आणि हाताची ताकद सांगत होती, घ्या. बफेलोने २०१८ ला सातव्यावर घेतला. पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, आणि २०२० ला ६९.२. आता तो २०२४ च्या मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू, आहे. तुमचा कुठला आकडा बरोबर ठरला?

चौथा_डाउन

ॲलन आपोआप ६९ वर गेला नाही. ब्रायन डेबॉलसारखा कोऑर्डिनेटर (आक्रमण आखणारा प्रशिक्षक) टिकला, लाइन सुधारली, २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफन डिग्ज आला. हे तिन्ही काढा आणि मग सांगा.

त्याच ड्राफ्टमध्ये बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नल्ड तिसरा. दोघांनाही काही वर्षांत "फुकट गेले" म्हणून मोडीत काढलं. मेफील्ड टँपाला जाऊन उभा राहिला. डार्नल्डने २०२४ ला मिनेसोटासाठी १४ सामने जिंकले. हात तेच, पंजा तोच, कॉलेजची टेप तीच. मग २०१८ चे स्काउट चुकले होते की बरोबर होते? माहोम्सलाही पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकायला मिळालं, वर प्रशिक्षक अँडी रीड होते. तोच पोरगा दुसऱ्या क्रमांकावर गेला असता तर पहिल्या महिन्यात मैदानात ढकलला गेला असता, असं मला ठाम वाटतं. तुम्ही बियाण्यावर भांडताय, जमिनीकडे कोणी बघत नाही.

आकडेमोड

चौथा_डाउन यांचा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच मी आकड्यांकडे जातो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना जेमतेम ५२ टक्के आढळली. नाणं उडवा, ५० मिळतात. घड्याळ, टेप, मुलाखती, वैद्यकीय तपासणी, सगळं मिळून दोन टक्के!

यावरून मी एकच गोष्ट शिकलो. एका पोरासाठी तीन पहिले पिक देऊ नका. खाली सरका, जास्त पिक घ्या, जास्त पोरं आणा. शिकागो, कॅरोलायना आणि सॅन फ्रान्सिस्को तिघेही वर चढताना फसले. त्यातला सगळ्यात महाग सौदा कॅरोलायनाचा. यंगसाठी दिलेला पुढच्या वर्षीचा पिक अख्ख्या ड्राफ्टचा पहिला निघाला आणि शिकागोला केलेब विल्यम्स मिळाला.

कोलंबसकर, तुम्ही वही ठेवता असं मागे म्हणाला होतात. २०२३ ला पहिला कोण लिहिला होता? खरं सांगा.

बे_एरियातली

पिक गोळा करून क्वार्टरबॅक मिळत नाही, आकडेमोड. पर्डी मिळाला तो आमचं नशीब. दर वर्षी २६२ व्याची वाट बघत बसणार का? कधीतरी वर चढावंच लागतं. फक्त १७ सामन्यांच्या पोरासाठी नको.

कोलंबसकर (धागाकर्ता)

वही आत्ता समोर उघडली आहे. पहिला यंग लिहिला होता, स्ट्राउड दुसरा. गावचा पोरगा असून.

यंगच्या पानावर "पॉकेटमधून निसटतो, छान" हे सहा वेळा आलंय, सहा वेगवेगळ्या सामन्यांत. तो का निसटतोय हे एकदाही लिहिलेलं नाही. काल रात्री त्यातले दोन सामने परत लावले, बाबांनी सांगितलं तसं चेंडू सुटताक्षणी थांबवत. टेनेसीविरुद्धच्या सामन्यात एका खेळात समोर लाइन धड उभी आहे, कोणी अंगावर आलेलं नाही, तरी तो डावीकडे दोन पावलं सरकतो, टाचा उचलतो आणि मग फेकतो. माझ्या नजरेला ते निसटणं नव्हे, फटीतून बघण्यासाठी जागा शोधणं वाटलं. टेपवर तेव्हाही होतं. मी चेंडूमागे बघत होतो.

यंदा पानाच्या डाव्या बाजूला एक रकाना वाढवला आहे: चेंडू सुटताना पाय कुठे. आणि ताईंच्या सांगण्यावरून नावाशेजारी किती सामने. चौथा_डाउन, तुमच्या जमिनीसाठी रकाना कसा आखायचा ते सुचलं तर सांगा. ड्राफ्टच्या आधी पोराला कुठला संघ उचलणार हेच माहीत नसतं, तिथे मी अडलोय.