उचल घेतली की निवडीला उरतं काय?

'गरिबी म्हणजे ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न' असं एकांनी लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते आणि लग्नात नाहीतर दवाखान्यात ती संपलेलीही असते. आजारपणात एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे उलट पैसे कापतात. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर वाढला, तोही वाढून टनाला ३६६ रुपये झाला!

शेजारची मुलगी अभ्यासात हुशार. सातवीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला आई-बापासोबत गेली. आई पहाटेच उसाच्या फडात, ही कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापतेय, भाऊ मांडीवर. एप्रिलमध्ये परतली तेव्हा वर्ग पुढे गेला होता. तिनं नेमकं काय निवडलं, सांगा.

दारूत पैसा घालवणारे आहेत, नाकारत नाही. पण ते बंगल्यांतही आहेत, आणि त्यांच्या पोरांची शाळा सुटत नाही.

पुढे गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी पोरं गावातच राहून शिकतील अशी सोय. पहिल्याच दिवशी भावाचं नाव घालायला तिची आई दारात उभी होती.