मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ अकरा आठवड्यांनी मिळाली आहे, तोवर काय करावे?

अहेरीचा गुरुजी

नमस्कार. मी अहेरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला गेल्या दीड महिन्यात तीन वेळा झटके आले. तिन्ही वेळा पहाटे, झोपेतून उठता उठता, आणि ताप एकदाही नव्हता. गडचिरोलीच्या बालरोगतज्ज्ञांनी औषध सुरू केले असून, मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या, असे सांगितले आहे.

अडचण इथूनच सुरू होते. नागपुरातील एका खासगी रुग्णालयाने अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्याआधी एका सरकारी रुग्णालयात गेलो, तेव्हा तो विभाग आठवड्यातून एकच दिवस चालतो हे खिडकीवर कळले. पुढच्या आठवड्यात नेमक्या दिवशी गेलो, तर डॉक्टर रजेवर होते. अहेरीहून नागपूर जवळपास तीनशे किलोमीटर आहे, त्यामुळे प्रत्येक खेपेला एक मुक्काम आणि दोन दिवसांची रजा लागते. तारखेची वाट पाहावी, हैदराबादला जावे, की ऑनलाइन सल्ला घ्यावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निर्गुडाकाठ (वणी)

गुरुजी, माझ्या मुलीलाही आठ वर्षांपूर्वी असेच झटके सुरू झाले, म्हणून सविस्तर लिहिते. आपण ज्या तज्ज्ञांची वाट पाहतो, ते प्रत्यक्षात मुलाला वीस मिनिटे पाहतात, आणि त्या वीस मिनिटांत मुलाला झटका येत नाही. त्यामुळे त्यांना दिसायला हवे ते आपणच जमवून न्यावे लागते. पुन्हा झटका आला तर एकाने मुलाला सांभाळावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण करावे. चेहरा, डोळे आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. मला सुरुवातीला हे फार निर्दयपणाचे वाटले होते, पण आमच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी तेच मागितले. सुरुवात कोणत्या बाजूने झाली, किती वेळ चालला, नंतर मूल किती वेळ गुंगीत होते, हे वहीत तारखेनिशी लिहा.

दुसरे म्हणजे, बालरोगतज्ज्ञांना विचारून ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतील विद्युत लहरींची घेतलेली नोंद, आधीच करून घ्या, म्हणजे तपासणीसाठी वेगळी खेप पडणार नाही. तुमच्या मुलाला झोपेतून उठताना झटके येतात, तेव्हा झोपेतली नोंद मिळणे महत्त्वाचे आहे. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा, तेल अजिबात लावू नका, आणि तपासणी केंद्राने सांगितले असेल तर मुलाला रात्री उशिरापर्यंत जागे ठेवा. औषध मात्र नेहमीच्या वेळी द्या. आमची पहिली खेप सासूबाईंनी मायेने चोपडलेल्या तेलामुळे वाया गेली होती.

झटका आला की मुलाला कुशीवर वळवा आणि तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायला शेजारी धावतीलच, त्यांना हात जोडून थांबवा. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर १०८ ला फोन करा. घरी ठेवण्यासाठी झटका थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा मिळतो. तो द्यावा का आणि किती, हे बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. तुमच्यासारख्या लांबच्या गावी त्याचा मोठा आधार असतो.

सरकारी दवाखाना

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सर्वप्रथम एक विचारतो: मुलाची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? गडचिरोलीत हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि सिकलसेलच्या मुलात झटके हे मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आल्याचे लक्षण असू शकते. तसे असेल, किंवा एका बाजूचा हात किंवा पाय लुळा वाटणे, सतत उलट्या, वाढती डोकेदुखी, यांपैकी काही दिसले, तर अकरा आठवडे थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. थेट आपत्कालीन विभागात न्यावे. तापासह झटका आला, तर तुमच्या भागात मलेरियाची तपासणी त्याच क्षणी व्हायला हवी.

असे काही नसेल, तर औषध सुरू असल्यामुळे तुम्ही उपचारांविना बसलेले नाही, हे आधी लक्षात घ्या. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर महिन्याला वजन करून बालरोगतज्ज्ञांना कळवा आणि औषध स्वतःहून बंद करू नका. त्यांनाच विनंती करा की त्यांनी नागपूरच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलावे. एका डॉक्टरने दुसऱ्याला केलेल्या पाच मिनिटांच्या फोनने तारीख अलीकडे आलेली मी अनेकदा पाहिली आहे.

शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला भेटा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमाच्या यादीत झटक्यांचा विकार आहे, आणि पुढे पाठवण्याचे काम त्या पथकाकडेच असते. ऑनलाइन सल्ला घ्यायचा तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवर, आयुष्मान आरोग्य मंदिरातील (पूर्वीचे आरोग्यवर्धिनी केंद्र) समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत, घ्यावा. नागपूरच्या एम्सची नोंदणी ओआरएस या सरकारी रुग्णालयांच्या ऑनलाइन नोंदणीच्या संकेतस्थळावरून होते, तीही पाहा; तिथे विभागाचा वार आधी कळतो.

या टंचाईबद्दल लोक डॉक्टरांवर रागावतात. मेंदूविकारतज्ज्ञ होण्यासाठी एमबीबीएसची साडेपाच, एमडीची तीन आणि त्यापुढच्या डीएम या विशेष पदवीची तीन वर्षे लागतात, आणि इतके शिकलेला माणूस जिथे एमआरआय व अतिदक्षता विभाग आहे तिथेच राहतो. ग्रामीण रुग्णालयात तर हे पदच नसते. जी पदे असतात, म्हणजे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ, त्यांतही २०२१-२२ च्या केंद्रीय आकडेवारीत देशभरातील ग्रामीण भागात गरजेच्या सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते.

चंद्रपूरकर

हैदराबाद वाईट नाही, पण पाठपुरावा वर्षानुवर्षे करायचा आहे, तेव्हा सहा महिन्यांनी परत जाणे झेपेल तेच ठिकाण निवडा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेवर सगळी भिस्त ठेवू नका. ती मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे, आणि बाह्यरुग्ण विभागातील ईईजीचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो. नक्की काय मिळेल ते रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, विचारा.

अहेरीचा गुरुजी

सर्वांचे मनापासून आभार. सिकलसेलची तपासणी झालेली नव्हती, ती उद्या सकाळी अहेरीतच करून घेत आहोत. बालरोगतज्ज्ञांनी नागपूरला स्वतः फोन करण्याचे मान्य केले आहे. नागपूरची तारीख रद्द केलेली नाही. ईईजी पुढच्या शनिवारी आहे, आणि तेलाची बाटली आजच माळ्यावर ठेवली आहे, कारण आमच्या घरीही आजी आहे.