मायक एकच की खानदान?

"एल्डर स्क्रोल्स गेम्समधला मायक द लायर (थापाडा मायक) सगळ्या गेममध्ये तोच, म्हणजे अमर आहे" असं एकाचं म्हणणं वाचलं पण मला काय पटत नाही. ऑब्लिव्हियन ते स्कायरिम या दोन गेममध्ये कथेतली दोनशे वर्षं जातात, आणि स्कायरिममध्ये तो स्वतःच सांगतो की बापाचं नाव मायक, आजोबांचंपण मायक, निदान बाप तरी तसं म्हणायचा (आता थापाड्याच्या बापावर किती विश्वास ठेवायचा ते बघा). मुळात २००२ च्या मॉरोविंडपासून हा खजीत (मांजरासारख्या माणसांच्या जातीतला) पात्र म्हणून फॅन लोकांच्या कटकटीवर टोमणे मारायलाच ठेवलाय, मल्टिप्लेयरचं विचारलं तर दुसऱ्यांची मदत हवी म्हणून विचारणाऱ्याला सरळ भित्रा म्हणतो! त्याला बॅकस्टोरी दिली तर मजाच जाईल. स्कायरिममधल्या वेड्या विदूषकाचं, सिसेरोचं बघा ना, डायऱ्या वाचल्या की वेड कुठून आलं ते कळतं, मग हसूच येत नाही त्याचं.