मोठं विमान आणि रनवेचा हिशोब

कोणीतरी म्हटलंय की मुंबईला स्लॉट (विमान उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा) मिळत नाहीत तर सरळ ए३८० हे दुमजली अवाढव्य विमान आणा, एका फेरीत पाचशे माणसं, विषय संपला. एवढं सोपं नाहीये हो ते.

मालवण जेटीवर बघा, मोठी लाँच गेली की मागची होडी कितीतरी वेळ हेलकावे खात बसते, हवेतही तेच. पंखांच्या टोकांपासून भोवरे सुटतात, विमान जेवढं जड तेवढे जोरकस, आणि वारा पडलेला असला तर तिथेच रेंगाळतात. म्हणून ए३२० (नेहमीचं १८० सीटचं छोटं विमान) च्या मागे दुसरं ए३२० तीन नॉटिकल मैलांवर (एक म्हणजे १.८५ किमी) चालतं पण ए३८० च्या मागे त्यालाच सात मैल लांब ठेवतात. उतरताना १४० नॉट (तासाला १४० नॉटिकल मैल) स्पीड धरा, सव्वा मिनिटाच्या जागी तीन मिनिटं. म्हणजे एका मोठ्याने सव्वादोनहून जास्त छोट्यांची जागा खाल्ली, १८० सीटच्या हिशोबाने ४२० माणसं (आकडा खरंच तसा येतोय, मी जुळवलेला नाही). फायदा आहे, पण विमान जवळजवळ भरलं तरच.

दोन-तीन मोठी पाठोपाठ घेतली तर नुकसान कमी होतं, मोठ्यामागच्या मोठ्याला एवढं अंतर लागत नाही, पण मुंबईत बहुतेक ट्रॅफिक ए३२० आणि तेवढ्याच बोइंग ७३७ चं, त्यात दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, एकदम धड वापरता येत नाहीत. नवी मुंबईचे दोन समांतर रनवे पूर्ण झाले की त्यानेच खरा फरक पडेल.

आणि आमच्या चिपीला (सिंधुदुर्गचं विमानतळ) ए३८० कधी असं विचारणाऱ्याला, बाबा रे, रनवे २५०० मीटरचाच, आधी रोजचं एटीआर, ते छोटं पंख्याचं विमान, नीट येऊ दे.